पांढऱ्या रुमालावरची राख

गळीत हंगाम सुरू असला की रोज सकाळी आठच्या सुमाराला साळवेसाहेब बॉयलर हाऊसच्या दारात यायचे आणि घडी केलेला पांढरा रुमाल माझ्यापुढे धरायचे. तो उलगडायचे मात्र अगदी हळू, आतलं काही सांडू नये म्हणून. आत राख असायची. उसाच्या चोथ्याची, म्हणजे बगॅसची, काळी, हलकी राख. सात ते आठ असा तासभर तो रुमाल त्यांनी आपल्या क्वार्टरच्या गच्चीच्या कठड्यावर चार कोपऱ्यांना चार दगड ठेवून पसरलेला असायचा. "गाडेकर, आज एकेचाळीस कण," ते म्हणायचे. "काल तेहतीस होते. काय करून राह्यल्ते तुम्ही?"

मी काय करणार? बॉयलर चालवत होतो. त्यासाठीच कारखान्याने मला ठेवलं होतं. बगॅस जाळायचा, वाफ करायची, त्या वाफेवर मिल चालायची, आणि उरलेली राख धुराड्यातून अख्ख्या कॉलनीवर पडायची. बायका वाळत घातलेले कपडे झटकून घ्यायच्या, दह्याच्या भांड्यावर झाकण ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. पाचशे घरांच्या कॉलनीत राखेचा हिशोब मागणारा माणूस एकच होता. तो माझा मित्र होता, हे माझं नशीब.

अंबडपासून एसटीने तासाभरावर हा आमचा कारखाना. साळवे तिथे प्रयोगशाळेत केमिस्ट. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे. त्यांच्या वस्तीतले पहिले बीएस्सी. उंच, वाळकुडे, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलताना डावा डोळा किंचित मिटलेला. रसातली साखर मोजायच्या नळीत आयुष्यभर एका डोळ्याने बघून तो तसा झाला होता. हुद्द्याने ते माझ्या दोन पायऱ्या वर, पण मला कायम अहो-जाहो करायचे. मीही त्यांना साहेबच म्हणायचो, भांडतानासुद्धा.

राखेचं त्यांना एवढं काय होतं, तर त्यांना सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा बघायच्या होत्या. सूर्याच्या काठावरून तांबड्या ज्वाळा उसळतात, आपल्या पृथ्वीसारख्या कैक पृथ्व्या गिळतील एवढ्या. पण सूर्याच्या झगमगाटापुढे त्या दिसत नाहीत. खग्रास ग्रहणात तेवढ्या दिसतात. ऐंशी साली तसं ग्रहण रायचूरच्या बाजूला लागलं, तेव्हा औरंगाबादच्या कॉलेजातले त्यांचे जुने सर पोरांची तुकडी घेऊन निघाले. साळवे रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. सरांनी त्यांना काम दिलं थर्मामीटरचं. दर दहा सेकंदांनी आकडा वाचायचा आणि लिहायचा.

"अंधार पडला," ते सांगायचे. "पोरं वरडून राह्यली, लाल, लाल, ते बघा लाल! अन् मी थर्मामीटरवर."

"आणि वर बघितलंच नाहीत?"

"आकडा चुकला असता ना."

हा किस्सा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा कपातला चहा तसाच राहिला. अडीच-तीन मिनिटं! मान वर करायला किती वेळ लागतो? मी तसं म्हणालोही. साळवे शांतपणे म्हणाले, "माझा तक्ता सरांनी भिंतीवर लावला, गाडेकर. एक खाना रिकामा न्हाई त्यात."

पण ती लाल-लालची आरोळी त्यांच्या कानातून गेली नाही. परत आल्यावर दोन वर्षं त्यांनी वाचन केलं, पत्रं लिहिली, आणि घरच्या घरी ग्रहण लावायची दुर्बीण करायला घेतली. कल्पना सोपी होती. मोठ्या भिंगाने सूर्याची प्रतिमा पाडायची आणि त्या प्रतिमेवर बरोबर तेवढाच पितळी शंकू बसवायचा. सूर्य झाकला गेला की उरली नुसती कड. पुढे एक खास लाल काच, जी त्या ज्वाळांचाच रंग तेवढा आत सोडते. भिंग अंबाल्याहून आलं. लाल काच सरांच्या ओळखीने परदेशातून आली, रुपयाच्या नाण्याएवढी. नळी कारखान्याच्या पत्र्याची. पितळी शंकू आमच्या वर्कशॉपमधल्या हमीदभाईंनी लेथवर काढून दिले. एक नव्हे, सात. कारण सूर्य जानेवारीत जरा मोठा दिसतो आणि पुढे लहान होत जातो. केसभर फरक, पण तेवढ्यानेही काम बिघडतं. हमीदभाई म्हणायचे, "साळवेसाब, बीबी के कंगन का नाप भी इतना बारीक नहीं होता." दुर्बीण गच्चीवर सिमेंटच्या खांबावर कायमची बसली.

आणि मग कळलं की ती चालत नाही. दुर्बिणीत काही दोष नव्हता. या असल्या दुर्बिणीला भिंग लागतं निष्कलंक स्वच्छ. भिंगावर धुळीचा एक कण असला तरी उन्हात तो दिव्यासारखा पेटतो आणि त्या उजेडात कडेवरची ज्वाळा हरवते. हवेत राख असली तरी तेच. आणि आमचं गणित असं: दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत आभाळ निळंशार, आणि त्याच महिन्यांत माझं धुराडं चालू. कारखाना बंद होतो तेव्हा उन्हाळ्याची धूळ, मग पावसाळ्याचे ढग. म्हणजे सूर्य बघायला सगळ्या मराठवाड्यात याहून वाईट जागा मिळाली नसती, आणि साळव्यांनी नेमका तिथेच खांब गाडला होता.

"धावड्याला घेऊन जा ना ती," मी म्हणायचो.

"हंगामात महिनाभर रजा कोण देऊन राह्यलं? रिटायर झालो की तिथंच हाय. तवर इथं प्रयत्न करायचा."

ते रोज प्रयत्न करायचे. ड्यूटीच्या आधी गच्चीवर, भिंग पुसून, डोळा लावून. मग वहीत नोंद. तारीख, वेळ, शंकू क्रमांक, रुमालावरचे कण, आणि शेवटी दोन शब्द: 'दिसले नाही.' वर्षानुवर्षं तेच. मी एकदा वही चाळली आणि मला अक्षरशः वैताग आला. म्हटलं, रोज 'दिसले नाही' लिहायला वही कशाला नासवता? ते म्हणाले, "दिसलं न्हाई, ही बी एक नोंदच हाय." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन.

त्यांना खरी संधी मिळायची ती मिल बंद पडली की. उसातून लोखंडाचा तुकडा आला, पट्टा तुटला, काहीही झालं की मिल थांबायची. बगॅस येणं थांबायचं, आम्ही भट्टी मंद करायचो आणि अर्ध्या-पाऊण तासात आभाळ धुतल्यासारखं व्हायचं. अशा वेळी कारखान्यात सगळ्यांची तोंडं उतरलेली. उसाच्या गाड्या फाटकापर्यंत तुंबलेल्या, बैल ताटकळलेले, इंजिनिअर घामाघूम. आणि साळवे प्रयोगशाळेतून निघून, भिंग पुसायचा ब्रश खिशात टाकून, लांब टांगा टाकत क्वार्टरकडे.

एका डिसेंबरात असंच झालं. मी दोन पाळ्या ओढून कँटीनमध्ये बसलो होतो, डोकं तापलेलं. खिडकीतून साळवे जवळजवळ पळताना दिसले. मी म्हणालो, "मिल बंद पडली की साळवेसाहेबांची दिवाळी!" टेबलवरचे सगळे हसले. मीही हसलो. एवढंच. पण ते वाक्य कुणीतरी ऑफिसात पोचवलं. साळव्यांना कागद आला: यंत्रसामग्री बंद पडली असता आपण आनंद व्यक्त केल्याचे निदर्शनास आले आहे, खुलासा करावा.

त्यांनी खुलासा केला. काय लिहिलं ते मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी रुमाल घेऊन आले, कण सांगितले आणि जाता जाता म्हणाले, "गाडेकर, ज्या दिवशी मिल चालायला पाहिजे अन् चालून न्हाई राह्यली, त्या दिवशी मी नळीला डोळा लावणार न्हाई. बिलकुल न्हाई."

मी हादरलो. मिल चालू असली की राख, आणि बंद असली की ही शपथ. म्हणजे मग बघायचं कधी? मी खूप वाद घातला. खुलासा दिला ना, विषय संपला ना, कोण बघायला येतंय गच्चीवर? ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ठरलं ते ठरलं." बडबड माझी, पण मूळ वाक्य माझंच होतं हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. धीर झाला नाही. हमीदभाई त्या दिवशी टेबलवर होते, ते नुसते माझ्याकडे बघायचे.

मग मी एक शहाणपणा केला. जानेवारीचा रविवार होता, साळव्यांची सुट्टी, वारा गावाच्या उलट्या बाजूला. आदल्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "उद्या दहा ते बारा आभाळ तुमचं. कसं ते विचारू नका." भट्टीतून धुराड्याकडे जाणारी हवेची ओढ कमी केली की राख कमी उडते. नळ्यांवरची काजळी वाफेने झाडायची वेळही त्या दिवशी मी पुढे ढकलली. दहाला बॉयलरच्या माडीवरून बघितलं तर साळवे गच्चीवर, हातात रुमाल, आणि त्यांनी तीन बोटं वर केलेली. तीन कण! वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मला स्वतःचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

साडेदहानंतर बगॅस ओला यायला लागला. हवेची ओढ कमी, त्यात ओलं जळण. भट्टीत ढीग साचला, आग काळवंडली, आणि वाफेचा काटा खाली घसरला. मी धावत जाऊन हवा पूर्ण सोडली, पण उशीर झाला होता. मिलचा आवाज जड झाला, खोल गेला, आणि थांबला.

मी घाबरून गच्चीकडे बघितलं. साळव्यांनीही तो आवाज ऐकला होता. त्यांचा डोळा नळीला होता, हात शंकूच्या स्क्रूवर. नंतर ते म्हणाले की भिंग पुसण्यातच अर्धा तास गेला, आणि सूर्य शंकूमागे जायला केसभर उरला होता. तेवढं फिरवायचं होतं. त्यांनी मान उचलली, भिंगावर झाकण बसवलं आणि जिना उतरले.

मला मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण साळवे बॉयलर हाऊसमध्ये आले ते लाल होऊन. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. "काहून केलं असं?"

"तुमच्यासाठी केलं, साहेब."

"माझ्यासाठी मिल बंद पाडली? भाईर बैलं उन्हात उभी हायेत, अन् माझ्यासाठी?"

मीही भडकलो. म्हटलं, तुमच्यासाठी काही करणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं आहे. चार दिवस रुमाल आला नाही. पाचव्या दिवशी आला. छत्तीस कण.

अशी वर्षं गेली. आम्ही दोघं पिकत गेलो. आणि त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी पाऊसच झाला नाही. धरणात पाणी नाही, शेतात ऊस नाही. दिवाळी झाली तरी भोंगा वाजला नाही. बॉयलर थंड. मी रोज हजेरी लावून त्याच्या लोखंडी दाराशी बसायचो आणि घरी यायचो. पगार कधी होईल ते कुणी सांगत नव्हतं. कॉलनीतली माणसं लिंबाखाली बसून राहायची, कुणी मुकादमाबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेली. आणि वर आभाळ! तसं आभाळ मी कारखान्यावर कधीच बघितलं नव्हतं. काचेसारखं. साळवे तरीही रोज सकाळी रुमाल पसरत होते. आठ वाजता उचलत होते. पांढराच्या पांढरा.

तो रुमाल घेऊन ते आले नाहीत, म्हणून मीच गेलो. जानेवारी संपत आला होता. वहिनी ज्वारी निवडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांला. वीस वर्षं राखंला शिव्या दिल्या. आता राख न्हाई तं खाली बसून राह्यले."

साळवे म्हणाले, "मिल चालायला पाहिजे होती. चालून न्हाई राह्यली. ठरलेलं हाय."

माझा तोल गेला. काय काय बोललो ते आता आठवत नाही. थर्मामीटरपासून सगळं काढलं. शेवटी म्हणालो, "ते कँटीनमधलं मीच बोललो होतो. दिवाळीचं. माझी चूक. माझ्या चुकीची शिक्षा तुम्ही काहून भोगता?" माझ्या तोंडात त्यांची बोली आली होती.

"मला त्याच दिवशी कळाल्तं," साळवे म्हणाले. "हमीदभाईनं सांगितल्तं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमचं खरं होतं. मला आनंदच झाल्ता." "फाटकावर बैलं ताटकळली होती, अन् मला आनंद झाल्ता, गाडेकर. मंग म्हनलं, असला आनंद नको."

ते उठले आणि म्हणाले, "शपथ माझी हाय. तुमची न्हाई. चला, जल्दी चला, दहाच्या आत हवा चांगली असती."

गच्चीवर ते दुर्बिणीकडे पाठ करून खुर्चीत बसले. मांडीवर वही. मी कधी त्या यंत्राला हात लावला नव्हता. ते सांगत होते आणि मी करत होतो. झाकण काढा. भिंग फुंकू नका, ब्रश फिरवा. डबीतला तीन नंबरचा शंकू. स्क्रू उजवीकडं, बारीक, आणखी बारीक. मला डोळा जाण्याची भीती वाटत होती. आणि एकदम तो झगमगाट शंकूमागे गेला. काळी थाळी राहिली, तिच्याभोवती तांबडी बारीक कड. आणि कडेच्या एका जागी...

"दिसतंय," मी म्हणालो.

त्यांच्या पाठीवरचा शर्ट हलला, एवढंच मला आठवतं. "बराबर सांगा. कुठल्या बाजूला?"

"डाव्या हाताला, जरा वर."

"केवढी? सूर्याच्या किती हिश्श्याएवढी?"

मी सांगत गेलो, ते काढत गेले. मी आयुष्यभर आग बघितलेला माणूस. भट्टीच्या दारातून दिसते तशी वळवळणारी ज्वाळा असेल असं मला वाटलं होतं. ही स्थिर होती. बुडाशी दोन पाय, वर कमान, आणि कमानीच्या टोकाला सुटलेला एक तांबडा धागा. रंग असा की तो कुठे दुसरीकडे बघितल्याचं मला आठवत नाही. मी म्हणालो, "हलत नाही हो ही."

"हलती. घंट्याभरानं बघा. लांब हाय म्हणून कळत न्हाई."

आम्ही एक तास थांबलो. तो तास मी विसरणार नाही. तीन फुटांवर ती ज्वाळा होती, आणि हा माणूस तिच्याकडे पाठ करून खाली लिंबाखाली बसलेल्या माणसांकडे बघत होता. मी तीनदा म्हणालो, साहेब, एकदा. चौथ्यांदा जवळजवळ ओरडलो. ते म्हणाले, "मे मधी रिटायर होऊन राह्यलो. धावड्याला धुराडं न्हाई की मिल न्हाई. दिवाळीनंतर निवांत बघीन की. सूर्य कुठं चालला?" तासाभराने मी परत डोळा लावला तर कमान तुटून नुसता एक ढगासारखा तुकडा कडेपासून सुटला होता. त्यांनी तोही काढून घेतला. खाली वेळ लिहिली. दोन्ही चित्रं मला दाखवली आणि विचारलं, "बराबर हायेत का?" बरोबर होती. न बघता काढलेली, अगदी बरोबर.

मे महिन्यात टेम्पोत सामान भरून ते धावड्याला गेले. दुर्बीण खांबावरून मीच सोडवली. निघताना त्यांनी माझ्या हातात एक कोरा पांढरा रुमाल दिला आणि म्हणाले, "पुढचा हंगाम चालला की मोजत जा." त्या पावसाळ्यात त्यांना काविळीने गाठलं. दसऱ्याच्या आधी ते गेले. आभाळ अजून पुरतं उघडलंही नव्हतं.

वर्षभराने वहिनींनी पोराबरोबर दुर्बीण आणि वही माझ्याकडे पाठवून दिली. त्या म्हणाल्या म्हणे, ती बघायला शिकलेला दुसरा माणूस नाही. वही मी उघडली. पानांमागून पानं: राख, दिसले नाही. राख, दिसले नाही. मग ती दोन चित्रं, आणि त्याखाली त्यांच्या सुबक अक्षरात: 'पाहणारा: गाडेकर. लिहून घेणारा: साळवे.' त्यानंतर धावड्याच्या नोंदी, जूनपासून. ढग, दिसले नाही. शेवटच्या नोंदीत ढग नव्हता. नुसतं लिहिलं होतं: 'भिंग पुसायचे आहे.'

मला त्यांचा अजून राग येतो. कौतुक करणारे कौतुक करोत. मान वर केली असती तर ऐंशी सालीच दिसलं असतं. मान वळवली असती तरी त्या सकाळी दिसलं असतं. मीही आता रिटायर होऊन अंबडला राहतो. गच्चीवर ती दुर्बीण आहे, हिवाळ्यात बघतो, बहुतेकदा काहीतरी दिसतं. दिसलं की त्यांच्याच वहीत चित्र काढतो, तारीख आणि शंकूचा क्रमांक टाकतो, आणि खाली लिहितो: 'पाहणारा: साळवे.'

नोंद खोटी आहे. त्यांना ती मुळीच चालली नसती. खोडायची असेल तर त्यांनी यावं.